परदेशीं वकील कोणास नेमावें?



सोयरीक जुळविण्यास आपण भांडखोर माणूस धाडीत नाहीं. म्हणून कित्येक म्हणतात, वादांत सांपडलेला पुढारी परदेशीं वकील नको. मला हें अर्धेंच पटतें.

याच नागपुराहून 1962 सालीं लोकसभेवर गेलेले बापूजी अणे पाहा. 1941 सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले. फेब्रुवारी 1943 मध्यें गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीं राजीनामा दिला, आणि त्याच वर्षीं त्याच सरकारचे प्रतिनिधि होऊन सिलोनास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, गेले. वाद व्हावयाचाच!

पण तेथें चहामळ्यांत राबणाऱ्या तामीळ मजुराला या वादाशीं काय करावयाचें? त्याला आपली बाजू मांडणारा हवा होता. अणे 1947 मध्यें परतले. 1948 च्या कायद्यानें लाखों मजूर कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहींत. 1964 च्या करारानें 5,25,000 हिंदुस्थानास, 3,00,000 सिलोनास, अशी गुरांसारखी वांटणी झाली. हा दोष अण्यांचा नव्हे. परक्या राज्याच्या वकिलाचे हात बांधलेलेच असतात.

तेव्हां वकिलाचीं जुनीं भांडणें मोजूं नका. तो कोणाचें मीठ खातो, आणि आपल्या मजुराच्या झोपडींत जातो कीं नुसत्या मेजवान्यांस, हें विचारा. खर्च आपल्या करांतून होतो. जाब विचारण्याचा हक्कहि आपलाच!