झाडं हवेत काय सोडतात?

श्रीगोंद्याच्या लिंबोणीच्या बागेत पान चुरगाळलं की येणारा वास असतो लिमोनीन आणि त्याच्या कुळातल्या वायूंचा. पान चुरगाळलं नाही, तरी झाड हे वायू थोडेथोडे सोडतच असतं. जंगलातली अनेक झाडं उन्हात आयसोप्रीन सोडतात. जगभरात वर्षाला सुमारे ५० कोटी टन! वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन यांची त्याला जोड मिळाली, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो पिकांना आणि फुप्फुसांना अपायकारक. यात दोष धुराचा, झाडाचा नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे.

झाडं आणि हवा यांची देवाणघेवाण मोजायची कशी? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्यासाठी देशात काही ठिकाणी उंच मनोरे उभारले आहेत. त्यावरची यंत्रं वाऱ्याचा वर-खाली वेग, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प सेकंदाला अनेकदा टिपतात. वर जाणाऱ्या झुळकीत कार्बन डायऑक्साइड कमी आणि खाली येणारीत जास्त, म्हणजे जंगल तो शोषतंय. आसामातल्या काझीरंगाच्या मनोऱ्यावर नवलच दिसलं. तिथलं जंगल सर्वाधिक कार्बन शोषतं ते पावसाळ्यापूर्वी, मार्च ते मे या काळात. भर पावसाळ्यात पाणी मुबलक, पण ढग ऊन अडवतात.

हीच पद्धत शेतावरही चालते. उसाचा फड दिवसभरात किती पाणी हवेत सोडतो, हे तिच्यामुळे मोजता येतं. कुकडी आणि घोडच्या कालव्यांच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या श्रीगोंदा तालुक्याला हा हिशेब फार मोलाचा आहे.