नवें ज्ञान आणि जुने नियम



शाळेंत शिकलेली भूमिति आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. तींतील सिद्धांत एकदां सिद्ध झाला कीं पुढें कितीही नवी माहिती मिळाली तरी तो ढळत नाहीं. व्यवहारांतील तर्क असा नसतो. दारांत परक्या चपला दिसल्या कीं पाहुणे आले असें आपण धरून चालतों. त्या मुलानेंच नव्या आणल्या असें कळतांच तें अनुमान निमूटपणें मागें घेतों.

अशा माघार घेणाऱ्या तर्काला शास्त्रीय बैठक देण्याचे यत्न जॉन मॅकार्थी, रेमंड रायटर प्रभृतींनीं १९८० च्या सुमारास केले. त्यापूर्वींच, १९७२ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथें जन्मलेल्या प्रोलॉग भाषेमुळें, संगणकास नियमांच्या रूपानें ज्ञान देणें शक्य झालें होतें. या नियमांत एक मुभा असते : अमुक गोष्ट सिद्ध होत नसेल तर ती नाहीं असें समजावें. सारी मौज आणि सारी अडचण या मुभेंत आहे.

रुग्णालयांतील एका संगणकापाशीं तीन नियम आहेत, अशी कल्पना करूं. पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णास वारफारिन द्यावें. वारफारिन चालू असेल तर रक्त गोठण्याच्या काळाची वेळोवेळीं तपासणी करावी. गुठळी असूनही वारफारिन चालू नसेल तर हेपारिन टोंचावें. (खरी औषधयोजना याहून फार गुंतागुंतीची असते, हें केवळ तर्काच्या सोयीचें चित्र आहे.) वारफारिन चालू असलेल्या एका बाईंस पुढें दिवस जातात. हें औषध वारेंतून गर्भापर्यंत पोंचतें व त्यास अपाय करूं शकतें. हेपारिन पोंचत नाहीं. म्हणून चौथा नियम येतो : गर्भवतीस वारफारिन देऊं नये.

आतां संगणकानें नियमांकडे न पाहतां केवळ निष्कर्षांची यादी दुरुस्त केली तर काय होईल? तो 'वारफारिन चालू' एवढीच ओळ खोडील. बाकीच्या ओळींशीं नव्या माहितीचा उघड विरोध नाहीं, म्हणून त्या जशाच्या तशा राहतील. बंद केलेल्या औषधाची तपासणी चालूच राहील. आणि हेपारिन यादींत नव्हतेंच, म्हणून तें येणारही नाहीं. गरोदरपणांत गुठळीचा धोका वाढतो, आणि नेमक्या त्याच काळांत ती माउली औषधावांचून! खाडाखोड कमींत कमी, अनर्थ मात्र केवढा!

लिस्बनमधील जोझे अल्फेरेश, जुआंव लेइते, लुईश परेरा व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं वेगळी वाट दाखविली. जुने नियम पुसावयाचे नाहींत, तर कालक्रमानें नव्यांची त्यांवर रचना करावयाची. नव्या नियमाशीं ज्याचा प्रत्यक्ष विरोध येतो तेवढाच जुना नियम, आणि तोही विरोधाचें कारण टिकेल तोंवरच, बाजूला ठेवावयाचा. मग निष्कर्ष पुन्हां मुळापासून काढावयाचे. आपल्या उदाहरणांत चौथा नियम पहिल्यास अडवितो. वारफारिनचा आधार गेल्यानें तपासणी आपोआप गळते व तिसऱ्या नियमानें हेपारिन सुरू होतें. बाळंतपण होऊन 'आतां गर्भवती नाहीं' अशी नोंद पडली, कीं पहिला नियम पुन्हां उभा राहतो. तो कोणीं आठवणीनें लिहावा लागत नाहीं.

संस्कृतज्ञ श्रोत्यांस येथें पाणिनीचें स्मरण झालें असेल. दोन तुल्यबल सूत्रांत विरोध पडल्यास पुढील सूत्र बलवत्तर, असें अष्टाध्यायीची परंपरा सांगते. मात्र तेथें 'पुढील' म्हणजे ग्रंथक्रमानें पुढील, येथें काळानें. हें साम्य याहून अधिक ताणूं नये, असें मला वाटतें.

या पद्धतीच्या आरंभींच्या व्याख्यांत एक विलक्षण दोष होता. 'पाऊस पडत असेल तर पाऊस पडत आहे' यासारखा पोकळ नियम नव्यानें जोडला तरी क्वचित् निष्कर्ष बदलत. कांहींच न सांगणाऱ्या वाक्यानें मत बदलावें, हें सभेंत चालतें. संगणकांत चालूं नये. अल्फेरेश, बांती, ब्रोजी व लेइते यांनीं २००५ सालीं सुधारलेली व्याख्या देऊन तो दोष दूर केला. परंतु एकाच वेळीं आलेले दोन नियम एकमेकांविरुद्ध असले, तर कालक्रमाचा उपयोग होत नाहीं. तेथें निष्कर्षच निघत नाहीं, आणि कागद पुन्हां डॉक्टरांच्या मेजावर जातो.