मर्दानी खेळ आणि मल्लखांब
(अथाल येथील गणेशोत्सवात केलेले भाषण)



विसर्जनाच्या मिरवणुकीत आपली मुले लाठी फिरवतात, आपण टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी लाठ्या माळ्यावर जातात. नोकरीधंद्यासाठी इथे येताना आपण गावची तालीम मागेच ठेवली.

त्या तालमीतले दोन खेळ आठवू या. कोल्हापूरने जपलेल्या मर्दानी खेळात लाठी, फरी-गदका, दांडपट्टा असतो. चारी बाजूंनी शत्रू आहे असे समजून पाय आणि नजर फिरती ठेवायची. मल्लखांबात समोर कोणीच नसतो. खांब हाच जोडीदार. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी तो कुस्तीच्या तयारीसाठी नावारूपाला आणला. एक खेळ अंतर राखायला शिकवतो, दुसरा पकड.

मल्लखांबाला नियम, गुण, स्पर्धा मिळाल्या आणि तो 'खेलो इंडिया'त पोचला. दांडपट्ट्याला महाराष्ट्राने २०२४ साली राज्यशस्त्राचा मान दिला. पण मानाने हात तयार होत नाही. तो सरावानेच होतो.

म्हणून आम्ही ठरवले आहे : यंदा लाठ्या माळ्यावर जाणार नाहीत. दर रविवारी सकाळी मुलामुलींचा सराव होईल. पुढच्या वर्षी बाप्पा येतील तेव्हा अंगणात मल्लखांबही उभा असेल. मुलांना पाठवा, आपणही या.

गणपती बाप्पा मोरया!