इंजिनाची तहान : कुर्ल्याच्या मोटारीपासून शर्यतीच्या मैदानापर्यंत



शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे याच कारखान्याच्या फियाट आणि पद्मिनी या गाड्यांनी मुंबईच्या टॅक्सीचे रूप ठरविले. मोटारींचा तो कारखाना आज राहिलेला नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. तथापि इंजिनाला इंधन कसे पुरवावे, हा प्रश्न समजून घेण्यास या साध्या गाडीइतके उत्तम उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

हिशेब हवेचा

इंजिन पेट्रोलवर चालते असे म्हटले जाते. परंतु ते पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा घेते. 1 किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणून इंधन-यंत्रणेच्या आखणीचा आरंभ हवेच्या हिशेबाने होतो.

पद्मिनीचे इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे आणि चार-धावी होते. अशा इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदा सर्व सिलिंडर भरतात. मिनिटाला 5000 फेरे आणि सिलिंडर 80 टक्के भरतात असे धरले, तर मिनिटाला सुमारे 2180 लिटर, म्हणजे 2.6 किलो हवा आत जाते. पूर्ण जोर हवा असताना मिश्रण थोडे गडद, 13 भाग हवेस 1 भाग इंधन असे ठेवतात. त्या प्रमाणात ताशी 12 किलो, म्हणजे सुमारे 16 लिटर पेट्रोल लागेल. हीच गाडी सिग्नलपाशी नुसती चालू उभी असेल, तर ताशी लिटरभरही पुरते. या दोन टोकांमधील प्रत्येक अवस्थेत योग्य प्रमाण राखणे, हे इंधन-यंत्रणेचे खरे काम होय.

कार्ब्युरेटरची तडजोड

कार्ब्युरेटरमध्ये हवा एका निमुळत्या गळ्यातून वेगाने जाते. तेथे दाब कमी होतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल खेचले जाऊन त्याचे तुषार होतात. गळा अरुंद ठेवला, तर कमी वेगातही तुषार चांगले होतात, परंतु वरच्या वेगात हवा अपुरी पडते. गळा रुंद केला, तर जोर वाढतो, पण गर्दीतून हळू जाताना इंजिन अडखळते. टॅक्सीला पहिला गुण हवा, शर्यतीच्या गाडीला दुसरा.

मद्रासजवळील शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट गाड्याही शर्यतीत उतरत. शर्यतीसाठी याच आकाराचे इंजिन 7000 फेऱ्यांपर्यंत नेले, सिलिंडर 90 टक्के भरू लागले आणि मिश्रण 12.5 भागांचे ठेवले, तर इंधनाची गरज ताशी 26 ते 27 लिटरवर जाते. तेव्हा केवळ जेट मोठे करून भागत नाही. पंप, नळी, गाळणी आणि फ्लोटची वाटी यांपैकी जो भाग सर्वांत अरुंद, तोच संपूर्ण यंत्रणेची मर्यादा ठरतो. वळणावर वाटीतील पेट्रोल एका बाजूस सरकले, तरी जेट क्षणभर कोरडा पडतो. मिश्रण गडद झाल्यास पेट्रोल वाया जाते आणि धूर वाढतो. परंतु पूर्ण जोरात ते विरळ झाले, तर उष्णता व ठोके वाढून दट्ट्याच वितळू शकतो. उधळपट्टीने खिसा रिकामा होतो. उपासमारीने इंजिनच जाते.

उन्हाळ्याचा धडा

जुन्या फियाटचा पंप इंजिनावर बसविलेला असे आणि मागील टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढलेल्या द्रवाचा दाब घटतो आणि तो कमी उष्णतेत उकळतो. त्यामुळे मे महिन्याच्या गर्दीत नळीत वाफ धरून गाडी बंद पडे आणि चालक पंपावर ओला फडका ठेवीत. हा उपाय शास्त्राला धरूनच होता. पुढे विजेचा पंप टाकीतच ठेवण्यात येऊ लागला. तो पेट्रोल ओढण्याऐवजी वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाने पुढे ढकलतो. इंजेक्टर ते मोजून फवारतात, आणि धुरातील प्राणवायू तपासून संगणक मात्रा दुरुस्त करतो. गळा आणि जेट यांची जुनी तडजोड येथे संपते. प्रदूषणाचे नियम 2000 नंतर कडक होत गेले, तेव्हा नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडला.

उसाच्या मळ्याशी नाते

हा विषय ग्रामीण महाराष्ट्रापासूनही दूर नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले, आणि ऊस हा इथेनॉलचा एक प्रमुख स्रोत आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने अशा मिश्रणाला जळण्यास 14.7 ऐवजी सुमारे 13.5 भाग हवा पुरते. म्हणजेच तेवढ्याच हवेस सुमारे 9 टक्के अधिक इंधन द्यावे लागते. संगणक असलेली गाडी ही मात्रा आपोआप वाढविते. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकीचा जेट मात्र तेवढाच राहतो आणि मिश्रण विरळ होते. जुन्या रबरी नळ्या व वॉशरही इथेनॉलने फुगू शकतात. म्हणून जुनी वाहने वापरणाऱ्यांनी नळ्या वेळीच तपासून घेणे आणि गावच्या मेकॅनिकने जेटचे प्रमाण समजून घेणे अगत्याचे आहे.

शाळेतील विज्ञान-शिक्षकांना येथे दाब, बाष्पीभवन आणि प्रमाण हे तीन धडे एकाच यंत्रात दाखविता येतील. त्यासाठी शर्यतीची गाडी लागत नाही. गावातील गॅरेजमध्ये पडलेला एखादा जुना कार्ब्युरेटरही पुरेसा आहे.