सातबाऱ्यापासून साडेबारा टक्क्यांपर्यंत : लोकनेते दि. बा. पाटील

(नवी मुंबईतील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा शब्दांकित पाठ)

नेरूळ, खारघर, कामोठे, घणसोली या भागांतील अनेक इमारतींत घर घेताना खरेदीखताबरोबर एक त्रिपक्षीय करार हाती येतो. त्यातला एक पक्ष सिडको, दुसरा विकासक आणि तिसरा कोणी म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर किंवा पाटील. बँकेच्या कर्जासाठी त्या कागदाच्या प्रती काढल्या जातात, त्यानंतर तो कपाटात जाऊन पडतो. तिसरे नाव कोणाचे आणि ते त्या कागदावर कसे आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एका माणसाचे सार्वजनिक जीवन आहे. दिनकर बाळू पाटील हे त्यांचे नाव. पनवेल-उरणच्या गावांत त्यांना सारे ‘दिबा’ म्हणतात.

दिबांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे झाला. २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, जमिनीच्या प्रश्नावर महाराष्ट्राला शहाणे करणारा जिल्हा आहे. भूदानाची गंगा ज्यांनी देशभर नेली ते विनोबा भावे पेण तालुक्यातील गागोद्याचे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. सहा वर्षे शेत पडीक ठेवायचे, उपाशी राहायचे, जंगलातील लाकूडफाट्यावर दिवस काढायचे, पण नांगर धरायचा नाही, असा तो संप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. दिबांचे बालपण या वातावरणातले. खोताच्या वाड्यासमोर उभा असलेला शेतकरी त्यांना पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही.

कायद्याची पदवी घेऊन त्यांनी पनवेलला वकिली सुरू केली, शेतकरी कामगार पक्षात ते आले आणि १९५७ साली पनवेलमधून विधानसभेत निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेची ती निवडणूक. याच निवडणुकीत मावळातून रामभाऊ म्हाळगी जनसंघाचे आमदार म्हणून विधानसभेत पोहोचले. एक लाल बावट्याचा, दुसरा भगव्या विचाराचा. दोघांच्या मार्गांत मोठे अंतर. पण तयारीशिवाय सभागृहात न बोलणाऱ्या आणि मतदारसंघाच्या कामाला वाहून घेणाऱ्या विरोधी आमदारांची जी पिढी महाराष्ट्राने पाहिली, तिची नावे घेताना दोघांचीही घ्यावी लागतात. पुढे १९७७ साली शेजारच्या दोन मतदारसंघांतून, ठाण्यातून म्हाळगी आणि कुलाब्यातून दिबा, असे दोघे एकदमच लोकसभेत गेले.

१९५७ या सालाला आणखी एक महत्त्व आहे, आणि दिबांच्या कारकिर्दीचा अर्थ लावायचा तर ते विसरून चालत नाही. कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार त्या वर्षीचा १ एप्रिल हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. किंमत ठरवून ती सरकारमार्फत वार्षिक हप्त्यांनी मूळ मालकाला द्यायची, अशी व्यवस्था होती. खोती कायद्याने तर आधीच, १९४९ साली, मोडीत काढलेली. बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावर राबून पिकवलेल्या भातखाचरांच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून स्वतःचे नाव चढलेले पाहणे, हा त्या घरांतील केवढा मोठा प्रसंग असेल! ज्यांना वारसाहक्काने सदनिका मिळते त्यांना त्या आनंदाची कल्पना येणे कठीण आहे.

तो आनंद पुरती तेरा वर्षेही टिकला नाही.

मुंबई बेटावरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. शासनाने ती उचलली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. नव्या शहराचे एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. नकाशावर तो भाग रिकामा दिसत होता. प्रत्यक्षात तिथे भातशेती होती, खाडीचे पाणी अडवणारी खारबंदिस्ती होती, भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणाऱ्या उघाड्या होत्या, मिठागरे होती, मासेमारी होती. बांध फुटला तर सारे गाव रात्री कंदील घेऊन धावायचे. आगरी, कोळी, कराडी समाजाने घामाने आणि पिढीजात शहाणपणाने समुद्राकडून मिळवलेली ती जमीन होती.

संपादनाचा कायदा १८९४ चा, इंग्रजांच्या आमदानीतला. त्याची दृष्टी सरळ होती : सार्वजनिक प्रयोजन सरकारने ठरवावे, भाव अधिकाऱ्याने काढावा आणि शेतकऱ्याने पैसे घेऊन बाजूला व्हावे. भाव निघायचा तो भातशेतीचा. ज्या कुळाने कालपरवापर्यंत कुळकायद्याचे हप्ते फेडले, त्याच्या दारात आता संपादनाची नोटीस आली. एका कायद्याने दिलेले दुसऱ्या कायद्याने काढून घेतले. दोन्ही वेळी उद्दिष्ट लोककल्याणाचेच होते, हे या कथेतील विलक्षण सत्य आहे.

दिबांचे मोठेपण इथे दिसू लागते. जमीनसुधारणा म्हणजे कसणाऱ्याला जमीन देणे, एवढीच तोवर सर्वांची समजूत होती. जमिनीचा उपयोगच बदलला, शेताचे शहर झाले, तर कसणाऱ्याचे काय, याचे उत्तर कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हते. आज एकराच्या भावाने घेतलेली जमीन उद्या रस्ते, पाणी आणि वीज आल्यावर चौरस मीटरच्या भावाने विकली जाणार. ती वाढ कोणाची? शहर वसवणाऱ्या यंत्रणेची, की ज्याने त्यासाठी घर-शेत सोडले त्याचीही? मोबदल्याच्या दरासाठी सुरू झालेला लढा या प्रश्नापर्यंत पोहोचला आणि विकसित जमिनीतील वाटा ही त्याची मुख्य मागणी बनली. खोताविरुद्धचा लढा वाड्याच्या ओटीवर दिसणाऱ्या माणसाशी होता. इथे समोर होते महामंडळ, त्याचे आराखडे आणि तज्ज्ञ. हा लढा अधिक अवघड होता.

विधिमंडळातील त्यांची वाटचाल थोडक्यात सांगता येते. विधानसभेवर ते पाच वेळा निवडून आले. १९७२ ते १९७७ आणि पुन्हा १९८२-८३ मध्ये ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. लोकसभेत दोनदा गेले. एखाद्या पुढाऱ्याचे चरित्र एवढ्यावर पूर्ण होते. दिबांच्या बाबतीत ही पदे म्हणजे दुय्यम तपशील आहे. गावकऱ्यांना त्यांचा १९८४ चा जानेवारी महिना आठवतो.

न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारायचे होते. त्यासाठी उरण तालुक्यातील जमिनीचा ताबा घेण्याची वेळ आली तेव्हा योग्य मोबदल्याच्या मागणीवर गावे उठली. स्त्रिया, म्हातारीकोतारी, कॉलेजात जाणारी मुले, सारे रस्त्यावर आले. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर-पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. ती माणसे चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांची होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जणांनी प्राण दिले हे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. पण ज्या शहरात ते मूल वाढते, त्याच्या उभारणीच्या काळात वेशीवर पाच शेतकरी पडले, हे त्याला सांगितले जात नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत कुलाबा होता. दिबा निवडून आले.

लढ्याचे फळ यायला आणखी काही वर्षे गेली. शासनाने मार्च १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना देण्याचे धोरण जाहीर केले आणि १९९४ च्या निर्णयाने आधी जमिनी गेलेल्यांनाही त्याचा लाभ दिला. या योजनेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा होतात. हाती राहतात साडेतीन गुंठे, म्हणजे साधारण ३५४ चौरस मीटर. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक. एकरभर भातशेताच्या बदल्यात ५३० चौरस मीटर बांधकामाचा हक्क. नावात साडेबारा असले तरी हाती पावणेनऊच टक्के पडतात, ही तक्रार गावांत आजही ऐकू येते आणि ती रास्त आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा भूखंड मालकीने मिळाला नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. कुळाचा मालक झाला होता; मालकाचा पुन्हा पट्टेदार झाला. शिवाय पात्रता ठरण्यास, वारसांची नावे लागण्यास आणि सोडत निघण्यास वर्षे गेली. मुलीचे लग्न, आजारपण, घरातील वाटण्या थांबत नाहीत. कित्येकांनी भूखंड हाती येण्याआधीच त्यावरचा हक्क मिळेल त्या किमतीला लिहून दिला. पैसा आला आणि काही घरांतून तो गाडीच्या धुरासारखा उडूनही गेला. जमिनीला धरून असणारा समाज रोख रकमेला कसा सामोरा जाईल, याची तयारी शासनाने केली नाही आणि चळवळीनेही पुरेशी केली नाही. आदरापोटी ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. मिठागरावरचा मजूर, खाडीत जाळे टाकणारा, ज्याच्या नावावर सातबारा नव्हता असा बलुतेदार, यांच्या वाट्याला तर टक्केवारीचा विषयच फारसा आला नाही.

तरीही या योजनेने जे बदलले ते पूर्वपदावर येण्यासारखे नव्हते. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर अशा गावांना उठावे लागले, तेव्हा तिथे मोबदला म्हणून साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे गणित बोलले गेले आणि मान्य झाले. २०१३ मध्ये संसदेने १८९४ चा कायदा रद्द करून नवा कायदा केला. नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास वीस टक्के विकसित जमीन मूळ मालकांसाठी राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. जासईच्या बाजूला जी मागणी अडवणूक मानली गेली, तिच्याच जातीची मागणी तीस वर्षांनी देशाच्या कायद्यात आली.

दिबांनी तो कायदा पाहिला नाही. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. कायदा त्याच वर्षी सप्टेंबरात संमत झाला. त्याआधी १९९९ मध्ये त्यांनी आयुष्यभराचा पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला होता. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना तो निर्णय रुचला नाही. गावांनी मात्र त्यांचे मोजमाप पक्षाच्या निशाणीवर कधी केले नाही. विमानतळाला नाव देण्याचा प्रश्न २०२१ मध्ये निघाला, तेव्हा हे दिसून आले. १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाकडे हजारोंचा मोर्चा निघाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे कार्यकर्ते एका रांगेत उभे होते. २०२२ मध्ये विधिमंडळाने ‘लोकनेते दि. बा. पाटील’ या नावाचा ठराव संमत केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. ज्यांच्या खाचरांवर ती धावपट्टी आहे, त्यांतील काहींनी त्या दिवशी पुनर्वसनाच्या घराच्या गच्चीवरून पहिले विमान पाहिले असेल.

दास्तान फाट्यावरून आज रात्रंदिवस बंदराचे कंटेनर जातात. दरवर्षी १६ जानेवारीला तिथे आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला गावकरी जमतात, हुतात्म्यांच्या स्मारकावर फुले वाहतात, त्यांच्या वारसांना पुढे बसवतात. वाशी-नेरूळहून तिथे जायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.