काळ्या टी-शर्टवर गडाचा कातळ

ट्रेक ग्रुपच्या काळ्या टी-शर्टवर गडाचा कातळ हवाय, बोट फिरवून बघावंसं वाटेल असा खरखरीत. बरेच जण मोबाईलमधला फोटो थेट प्रिंटरला पाठवतात. वर्गणी जाते आणि हातात येतो राखाडी डाग.

असं का होतं? स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई एकतर पडते, नाहीतर पडत नाही. मधल्या छटा दिसतात त्या हाफटोनच्या लहान-मोठ्या ठिपक्यांमुळे. इंचाला ५० ओळींचा हाफटोन असेल, तर जाळीत इंचाला साधारण २३० धागे लागतात. जाड जाळी बारीक ठिपके धरतच नाही, आणि दगडाचा खरखरीतपणा नेमका त्याच ठिपक्यांत असतो.

आता गंमत बघा. सह्याद्रीचा बेसाल्ट काळा, टी-शर्टही काळा. मग भेगा आणि सावल्या छापायच्याच कशाला? तिथे कापड मोकळं सोडायचं. पांढरा बेस फक्त ऊन पडलंय तिथे. त्यावर दोन राखाडी, एक मातकट तपकिरी, शेवटी कडांवर पांढरा. पाच स्क्रीन, बस्स. सगळीकडे बेस दिलात तर दगड सपाट दिसतो आणि छातीवर रेक्झिन चिकटवल्यासारखं वाटतं.

प्लास्टिसोल शाई असेल तर तिचा अख्खा थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. कच्ची राहिली की धुण्यात तडे जातात. म्हणून ऑर्डरआधी एक नमुना मागा, ताणून बघा, दोनदा धुवा. मगच होकार द्या.

भेटू पुढच्या भागात!