हुकूमनाम्यानंतरचा हिशेब



दिवाणी वकिलांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: हुकूमनाम्याची बजावणी करताना न्यायालयाच्या कर्मचाऱ्याच्या हातातून जाणारा पैसा, आणि त्यात गैरप्रकार झाला तर आपण करत असलेली, किंवा न करत असलेली, कारवाई.

कब्जा वॉरंट आपण सगळ्यांनी हाताळले आहे. पुढच्या बाजूला न्यायालयाचा शिक्का, सही, गट नंबर, चतुःसीमा, बजावणीची शेवटची तारीख. मागच्या बाजूला बेलिफाचा शेरा: ‘समक्ष गेलो असता घरास कुलूप आढळले, सबब बजावणी होऊ शकली नाही.’ खाली दोन पंचांच्या सह्या. बापाने लावलेल्या दाव्याचे मुलाच्या पदरात काय पडले, ते या दोन ओळींवर ठरते. आणि या ओळी कशा लिहिल्या जाव्यात यासाठी पैसे दिले जातात. हुकूमनाम्याची बजावणी मागणारा दरखास्तदार देतो, बेलिफाने लवकर जावे म्हणून. सामनेवाला देतो, त्याने जाऊच नये म्हणून. या सभागृहात ही गोष्ट कोणालाही नवी नाही.

हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने 1872 साली दरभंगा राजच्या प्रकरणात नोंदवले. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये राहुल शाह प्रकरणात दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असे बजावले. मार्च 2025 मध्ये पेरियम्मल प्रकरणात प्रलंबित दरखास्तींची माहिती सर्व उच्च न्यायालयांकडून मागवली गेली. देशभरात साडेआठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसले, आणि त्यांतल्या तीन लाखांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. देशातला सर्वांत मोठा आकडा आपला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 47 चे अर्ज, आदेश 21 नियम 97 खालच्या हरकती, स्थगिती, ही कारणे आहेतच. पण चिरीमिरी घेऊन परत आलेले वॉरंट कोणत्याही तक्त्यात वेगळे दिसत नाही.

कायद्याने पक्षकाराने काय भरायचे ते ठरलेले आहे. प्रोसेस फी भरायची, ठरलेला भत्ता न्यायालयाची रोकड सांभाळणाऱ्या नाझराकडे जमा करायचा, पोलीस बंदोबस्त लागला तर त्याची रक्कम रीतसर भरायची. प्रत्यक्ष कब्जाच्या दिवशी मात्र जीप लागते, कुलूप तोडणारा लागतो, सामान बाहेर काढायला चार मजूर लागतात, पंचांना दिवसभर थांबवावे लागते. हा सगळा खर्च हातोहात होतो. वाजवी खर्च कुठे संपतो आणि लाच कुठे सुरू होते, हे सांगणारा कागद पक्षकाराजवळ नसतो. त्याआधीच वकिलाच्या टेबलावर एक वाक्य उच्चारले गेलेले असते: ‘बेलिफाचे वेगळे धरा.’ ते वाक्य आपल्या व्यवसायातले आहे. ते बंद करणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.

सामनेवाल्याच्या बाजूने पाहिले तर प्रकार अधिक क्रूर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 घरातल्या काही वस्तू जप्तीतून वगळते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने. जप्तीच्या भीतीने गांगरलेल्या बाईला हे कोण सांगणार? मंगळसूत्राला हात लावत नाही, शिलाई मशीन राहू देतो, असे म्हणून दोन हजार घेतले जातात. कायद्याने जे आधीच तिचे आहे, ते तिलाच विकले जाते. लाचेच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत नीच वाटतो, कारण यात देणाऱ्याला बदल्यात काहीच मिळत नाही.

दुसरा प्रकार वसूल झालेल्या रकमेचा. पैशाच्या हुकूमनाम्यात अटक वॉरंट निघाले आणि सामनेवाल्याने पूर्ण रक्कम व अटकेचा खर्च बेलिफाच्या हाती दिला, तर त्याला तत्काळ सोडावे, असे कलम 55 सांगते. म्हणजे बेलिफाच्या हाती पैसे देणे कायदेशीर आहे. समजा, कोणी पाटल्या मोडून चाळीस हजार उभे केले, दारातच मोजून दिले आणि ‘पावती कोर्टात देतो’ एवढे ऐकून माणूस घरात परतला. रक्कम नाझराच्या रोजकीर्दीला तीन आठवड्यांनी आली, तर मधल्या काळात दरखास्त जिवंत राहिली, व्याजाचा वाद राहिला, पुढची तारीख लागली. ‘पैसे भरले ना शेवटी,’ असे म्हणून हे सोडून दिले जाते. पण लोकसेवकाने दुसऱ्याचा पैसा तात्पुरता वापरला तरी तो अपहारच. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 409 होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 316 (5) आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. एसटीचा वाहक तिकिटाच्या थोड्या रुपयांसाठी नोकरी गमावतो आणि रक्कम किती हा प्रश्न गौण आहे, विश्वास गेला हा मुद्दा, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार म्हणते. न्यायालयाच्या आवारात मापदंड त्याहून सैल कसा चालेल?

आता शिस्तभंगाच्या कारवाईकडे येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 ने दुय्यम न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे; कर्मचाऱ्यांवरची कारवाई प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या पातळीवर, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 नुसार चालते. तक्रार आली की बहुधा दोनपैकी एक होते. लाचलुचपत खात्याचा सापळा, निलंबन आणि वर्षानुवर्षे रेंगाळणारी चौकशी; नाहीतर शांतपणे दुसऱ्या तालुक्याला बदली. बदली म्हणजे शिक्षा नव्हे. तिथल्या पक्षकाराने कोणता गुन्हा केला? निलंबनानंतर तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले गेले नाही तर निलंबन पुढे ताणता येणार नाही, असे अजयकुमार चौधरी प्रकरणात 2015 मध्ये ठरले. ते पाळले पाहिजे, कर्मचाऱ्यासाठी आणि पक्षकारासाठीही. पैशाच्या प्रकरणात बहुतेक पुरावा कागदाचाच असतो. वॉरंटावरचा शेरा, पावतीचे स्थळप्रत पुस्तक आणि नाझराची रोजकीर्द शेजारी ठेवली की चौकशी अर्धी झाली.

आणि चौकशीच्याही आधीचे एक हत्यार 1908 पासून संहितेत पडून आहे. आदेश 21, नियम 25. बजावणी होऊ शकली नाही असा शेरा आला, तर त्या कथित असमर्थतेबद्दल न्यायालयाने बेलिफाची तपासणी करावी, गरज वाटल्यास साक्षीदार बोलवावेत आणि निष्कर्ष नोंदवावा, असे तो नियम सांगतो. तपासणी करणे तिथे ऐच्छिक नाही. आपण काय करतो? ‘नव्याने वॉरंट काढावे’ असा अर्ज देतो आणि पुन्हा फी भरतो. न्यायाधीश महोदय, दर कुलूपबंद घरामागे पाच मिनिटे बेलिफाला समोर उभे करा. किती वाजता गेलात, शेजारी कोण होते, पंच कुठले, एवढे तीन प्रश्न पुरेत. खोटा शेरा लिहिण्याची किंमत ज्या दिवशी वाढेल, त्या दिवशी तो विकत घेणारे गिऱ्हाईक कमी होईल.

बेलीफ मित्रांनो, तुमची बाजू मी जाणतो. अनेक गावे एकाच्या माथी, स्वतःची मोटारसायकल, उशिरा मंजूर होणारी प्रवासबिले, दारात शिव्या, कधी अंगावर धावून येणारा जमाव. सरकार पेट्रोल देणार नसेल तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येणार. म्हणून आधी खरा खर्च मंजूर झाला पाहिजे. मग कडक शिस्तीला तुमचीही हरकत राहणार नाही, असा माझा विश्वास आहे. इंग्लंडने 2014 च्या नियमांनी वसुलीच्या टप्प्यांची फी ठरवून टाकली: पहिल्या नोटिशीला 75 पौंड, प्रत्यक्ष भेटीला 235, विक्रीला 110, आणि दीड हजार पौंडांवरच्या रकमेवर शेवटच्या दोन टप्प्यांत साडेसात टक्के. दर आपल्याला लागू करण्याजोगे नाहीत. पण दारात आलेला माणूस किती मागू शकतो, हे तिथे ठरलेले आहे.

म्हणून मी एक ठराव मांडतो. कब्जा आणि जप्तीच्या खर्चाचा जिल्हानिहाय दरतक्ता मराठीत छापून प्रत्येक वॉरंटासोबत दोन्ही पक्षांना द्यावा, त्यातच कलम 60 च्या वगळलेल्या वस्तूंची यादी असावी. बेलिफाने घेतलेली प्रत्येक रक्कम जागेवरच्या पावतीने घ्यावी आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी जमा करावी. वकिलाने बेलिफाच्या नावाने पक्षकाराकडून रोख घेतल्यास ते व्यावसायिक गैरवर्तन समजून बार कौन्सिलकडे तक्रार व्हावी. मसुद्याच्या प्रती प्रवेशद्वारापाशी ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात दुरुस्त्या घेऊ, आणि त्या सत्रात नाझर व बेलीफ प्रतिनिधींना सर्वांत आधी बोलू द्यावे, अशी माझी सभागृहाला विनंती आहे.